खडकाची वरची बाजू

पोकळी वाटाण्याएवढी होती. खालच्या अर्ध्या भागात राखाडी गाळ बसून घट्ट झालेला, वरच्या अर्ध्यात पांढरा स्फटिक, आणि दोहोंच्या मधली रेघ सरळ. कुणी पट्टी धरून ओढावी इतकी सरळ. बाईंनी भिंग डोळ्यापासून दूर केलं, दगडाचा तुकडा तळहातावर हळूहळू फिरवला आणि रेघ आडवी झाली तेव्हा हात थांबवला.

"समुद्राच्या तळाशी या पोकळीत गाळ शिरला आणि सपाट बसला," त्या वर्गाला म्हणाल्या. "उरलेली जागा पुढे स्फटिकानं भरली. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी काचेच्या नळीतला बुडबुडा बघतो ना, तसंच हे. दगड नंतर कसाही गडगडू दे. गाळ बसला तेव्हा वर कुठे होतं, हे ही रेघ सांगते."

बोलल्या त्या वर्गाच्या भाषेत, पण मनात त्या नळीसाठी शब्द उमटला तो पाणसळ.

टेबलाभोवती डझनभर मुलं होती, जवळजवळ तितक्याच देशांतली. त्यांची नावं बाईंच्या जिभेवर अडखळत आणि बाईंचं नाव त्यांच्या. म्हणून ती बाईंना नुसतं 'प्रोफेसर' म्हणत, आणि बाईंनी मनातल्या मनात त्यांना आपली नावं देऊन टाकली होती. दाराच्या चौकटीला डोकं टेकणारा तो ताडमाड. दर वाक्याला जिचा हात वर जायचा ती शंका. बाईंच्या तोंडचं 'अरे देवा' मात्र सगळ्यांनी उचललं होतं. नमुना हातातून निसटला की ते म्हणायचं, अशी वर्गाची रीतच पडली होती. ताडमाडच्या हातून रोज काहीतरी निसटायचं, त्यामुळे त्याचा उच्चार सर्वांत स्वच्छ होता.

"एकच रेघ पाहून चालेल?" शंकानं विचारलं.

"नाही. एखादी पोकळी फसवू शकते. पाच बघा, दहा बघा. आणि दगडाच्या सगळ्या बाजू पाहिल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही. माझ्या वर्गात हा एकच नियम आहे."

"मागच्या आठवड्यात तुम्ही दुसराच सांगितला होता," ताडमाड म्हणाला. "प्रयोगशाळेत खायचं नाही."

"तो तुझ्यापुरता आहे."

वर्ग हसला. तेवढ्यात टेबलाच्या खणात बाईंचा फोन थरथरला. खणात सुट्या भिंगांचे डबे होते, तेही खडखडले. दादाचा फोन असणार. बाईंनी खण मांडीनं घट्ट लोटला आणि पुढचा नमुना उचलला.

तास संपल्यावर बाहेर विभागप्रमुख भेटले. सायकलचं शिरस्त्राण हातात, नेहमीसारखे निघण्याच्या घाईत.

"काही ठरलं का?"

"सांगते," बाई म्हणाल्या.

"घाई नाही," ते म्हणाले; पण या वेळी जरा थांबून पुढे म्हणाले, "म्हणजे, तशी आता थोडी आहे."

बाई या परदेशी विद्यापीठात एका वर्षासाठी पाहुण्या प्राध्यापक म्हणून आल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर प्रवाळांचे प्राचीन खडक शिकवले ते चित्रांवरून आणि कापसात गुंडाळलेल्या काही जीवाश्मांवरून. इथे शहराबाहेरच्या चुनखडीच्या जुन्या खाणीत तो अख्खा खडक भिंतीसारखा उभा होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी प्रवाळांनी समुद्रात बांधलेला आणि आता समुद्रापासून कितीतरी दूर, गवताच्या माळाखाली. पहिल्या दिवशी त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. विभागप्रमुखांना वाटलं, बाईंना चक्कर आली. ते धावत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले होते.

आता विभागाला त्या आणखी तीन वर्षं हव्या होत्या. बाईंना हा खडक हवा होता. यात अवघड काहीच नव्हतं. अवघड होती ती ताई.

ताई बाईंची थोरली बहीण. आई गेली तेव्हा बाई बालवाडीत होत्या, आणि ताई नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. बाईंना आणि मधल्या दादाला तिनंच वाढवलं. तिच्या पर्समधले खडू धाकटी बहीण चोरून खायची, म्हणून घरात तिचं नाव पडलं खडू. ते पन्नाशी उलटली तरी टिकलं होतं. "चुनखडीच्या अभ्यासाची सुरुवात तिथूनच," असं दादा पाहुण्यांना सांगायचा. ते खडू चुनखडीचे नव्हतेच, जिप्समचे होते, हे बाईंनी त्याला अनेकदा समजावलं. त्याला ते मान्य नव्हतं. बढतीवर बाहेरगावी जायला ताईनं दोनदा नकार दिला होता, हे बाईंना कळलं ते ताईच्या निरोपसमारंभात, दुसऱ्याच कुणाच्या भाषणातून.

गेल्या वर्षी ताई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर ती म्हणाली होती, "आता मला इथून कुठे नेऊ नका." तिच्या एकटीच्या घराला कुलूप लागलं आणि ती त्याच गावात दादाकडे आली. तेवढ्यापुरतंच हलायचं तिनं कबूल केलं होतं. बाईंनी ते वाक्य तेव्हाच मनात कोरून ठेवलं होतं. ताईला इकडे आणायचं, ही गोष्ट त्यांना सुचली नव्हती असं नाही. सुचली, आणि त्या वाक्याशी येऊन थांबली. एवढ्या थंडीत, परक्या भाषेत, या वयात. नाहीच. म्हणजे उरले दोनच मार्ग: आपण परत जायचं, नाहीतर ताईला परक्यांच्या हाती द्यायचं.

संध्याकाळी दादाचा पुन्हा फोन आला, व्हिडिओवर.

"सापडलीस एकदाची. हे बघ, आम्ही पोरीकडे जाणार हे पक्कं. जुळी आहेत म्हटल्यावर तिला एकटीला झेपायचं नाही. तुझी वहिनी आत्तापासून स्वेटर विणत बसलीय. चार बाह्या झाल्यात, अंग अजून एकाचंही नाही."

"बाह्या आधीच करायच्या असतात," पडद्याबाहेरून वहिनीचा आवाज आला. "तुम्ही दगडातलं सांगा, लोकरीतलं नको."

"दगडातली ही आहे, मी नाही," दादा म्हणाला आणि आवाज खाली आणला. "त्या वृद्धांच्या निवासात खोली रिकामी झालीय. मी बघून आलो. बाग आहे, डॉक्टर येतो, माणसं बरी वाटली. शुक्रवारी कळवायचंय. तू परत येणार असशील तर प्रश्नच मिटला. नसशील तर मी हो म्हणतो. मला काही हौस नाही गं."

"ताई काय म्हणते?"

"ताई काय म्हणणार? तुम्हाला जमेल तसं करा, म्हणते. तिनं कधी काही मागितलंय?"

"बघते."

"बघते, सांगते, कळवते. तू बाई दोन महिने एवढंच बोलतेयस."

त्याच्या खांद्यामागे, पडद्याच्या कडेला वॉकरची एक मूठ दिसत होती आणि तिच्यावर ताईचा हात. हात हलला.

"जेवलीस का गं खडू?"

"जेवले. तू?"

"जेवले. त्या ताडमाडनं आज काय फोडलं?"

"आज नाही फोडलं काही."

"बरा आहे ना तो?" ताई म्हणाली, आणि दादानं फोन दुसऱ्या हातात घेतला तशी वॉकरची मूठ पडद्याबाहेर गेली.

गुरुवारी खाणीचा दिवस होता. बसमधून उतरल्यावर मुलांनी पिवळी शिरस्त्राणं घातली. ताडमाडचं डोक्यावर टोपणासारखं बसलं. वारा होता, पण ऊन स्वच्छ पडलं होतं. बाई त्यांना खडकाच्या पायथ्यानं घेऊन गेल्या. आधी उथळ पाण्यातले, फांद्या फुटलेले प्रवाळ दाखवले, मग लाटांचा मार सोसणारे घुमटासारखे. घुमटाच्या कापावर वाढीचे पट्टे दिसत होते, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे, एकावर एक, सगळे वर तोंड करून.

भिंतीच्या टोकाला एक मोठा सुटा घुमट होता, माणसापेक्षा उंच. पहिल्याच आठवड्यात बाईंनी तो पाहून ठेवला होता आणि मुलांसाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात त्याच्यापुढे दोन शब्द टाकले होते: उलथलेला, मृत.

"हा बघा. इथे पट्टे कुणीकडे वाढलेत?"

"बाजूला," कुणीतरी म्हणालं.

"प्रवाळ बाजूला वाढत नाही. उजेडाकडे, वर वाढतो. आणि पोकळ्यांमधली रेघ?"

"उभी आहे," ताडमाड म्हणाला. त्यानं भिंग लावायला कंबरेत दुमडून घेतलं होतं.

"म्हणजे गाळ बसला तेव्हा हा उभा होता, नंतर आडवा पडला. मोठं वादळ झालं असेल. एका बाजूवर कोसळला, ती बाजू गाळात रुतली आणि वसाहत मेली. अशांना आपण जागेवरचे म्हणून मोजत नाही. लिहून घ्या."

पेन्सिली चालू लागल्या. शंकाची चालली नाही.

"प्रोफेसर, तुम्ही याची वरची बाजू पाहिलीत?"

"वर माती आणि गवत आहे."

"हो, पण पाहिलीत?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. पाहिली नव्हती. त्या दिवशी बोचरा वारा होता, सोबतची माणसं गाडीकडे परतत होती, आणि समोरची रेघ इतकी स्पष्ट उभी होती की आणखी काही पाहायची गरजच वाटली नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "चला, पाहू."

मागच्या चढावरून घुमटाच्या माथ्याला हात पोचत होता. ताडमाडनं आधी जाऊन गवताचे गठ्ठे उपटले. शंकानं ब्रशनं माती झाडली, बाटलीतलं पाणी ओतलं. ओल्या दगडावर रंग उठून आला. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि भिंग लावलं.

माथ्यापासून वीतभर खोल अगदी नवे पट्टे होते. खालचे जुने पट्टे आडवे धावत येत होते आणि एका ठिकाणी थबकत होते. तिथे पातळ काळपट थर होता, मातीचा किंवा शेवाळाचा, काही वाईट वर्षांचा. मग त्याच्या पलीकडून, काटकोनात वळून, नवे पट्टे वर निघाले होते. सुरुवातीचे अरुंद आणि वेडेवाकडे. पुढचे रुंद आणि नेटके. एका पोकळीत गाळ होता आणि त्याची रेघ आडवी होती.

बाईंनी भिंग काढून पुसलं आणि पुन्हा लावलं.

"काय आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

"मेला नव्हता," बाई म्हणाल्या. "पडला. एक बाजू गेली. जी बाजू वर आली, तिच्यावरून पुन्हा वाढला. नवं वर धरून." त्यांनी वीत पसरून ती दगडावर ठेवली. "आणि थोडाथोडका नाही. पुष्कळ वर्षं."

शंकानं हात वर केला, मग स्वतःच खाली घेतला. "मग पत्रकात काय लिहायचं?"

"माझे दोन शब्द खोडा. नाही, पहिला राहू दे, दुसराच खोडा. आणि खाली लिहा: नियम शिक्षकानंच मोडला."

"अरे देवा," ताडमाड म्हणाला. या वेळी त्याच्या हातून काहीच पडलं नव्हतं.

पुढचा सगळा वेळ मुलं त्या घुमटाला चिकटून होती. कुणी माथा मोजत होतं, कुणी पट्टे मोजत होतं, एकमेकांच्या मोजण्यात चुका काढत होतं. बाई जरा बाजूला एका दगडावर बसून त्यांच्याकडे बघत राहिल्या. दगडावरून माणसाचा निष्कर्ष काढू नये, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रवाळाला काही वाटत नाही, तो काही ठरवत नाही. उजेड जिकडे असेल तिकडे वाढतो, बस्स. त्यांना सलत होती ती दुसरीच गोष्ट. एकाच बाजूनं पाहून आपण लिहून मोकळ्या कशा झालो?

परतल्यावर त्या घराच्या जिन्यातच बसल्या. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बुटांना खाणीचा पांढरा चिखल लागलेला, तो वर न्यायचा नव्हता. एका बुटाची नाडी सोडली आणि दुसऱ्याची तशीच ठेवून त्यांनी फोन काढला. दादाचा नंबर लावला नाही. ताईचा स्वतःचा फोन होता. लहान पडद्याचा म्हणून कुणी त्यावर करत नसे. सगळे दादाच्या फोनवर बोलत आणि ताई कडेला असे.

पुष्कळ वेळ वाजल्यावर तो उचलला गेला. पडद्यावर छत दिसलं, मग कान, मग ताई.

"काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. तुझ्याशीच बोलायचं होतं."

"माझ्याशी? थांब, दार लोटते." वॉकरचा टक टक आवाज गेला आणि परत आला. तो पूर्वीपेक्षा भरभर येतो आहे, हे बाईंच्या आत्ता लक्षात आलं. "हं. बोल. आणि असल्या अंधारात कुठे बसलीयस? मागे कठडा दिसतोय."

"जिन्यात. बुटांना चिखल आहे."

"लहानपणीही अशीच. बोल."

बाईंनी फोन गुडघ्यावर टेकवला.

"ताई, तुला काय हवंय?"

ताईनं फोन जरा जवळ धरला.

"हे तू आज विचारतेयस?"

"तू म्हणाली होतीस, मला इथून कुठे नेऊ नका."

"म्हणाले होते ना. तेव्हा कूस बदलायची म्हटलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तेव्हा खरंच नको होतं. त्याला वर्ष झालं, खडू. तेव्हाचं तेव्हा." ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला. "दादा विचारतो, ताई, तिकडची बाग चालेल ना? तू विचारतेस, ताई, जेवलीस ना? मी दोघांनाही हो म्हणते. पार्सल कुठे पाठवायचं हे पार्सलाला विचारत नाहीत, तसं चाललंय तुमचं."

"मग तू का नाही बोललीस?"

"मागून घ्यायची सवय नाही मला. आणि तुला तिथे इतक्या वर्षांनी मनासारखं मिळालंय. त्यात मी कुठे लोढणं होऊन येऊ?" ती थांबली. मग तिचा आवाज जरा बदलला, शाळेत गंमत सांगताना व्हायचा तसा. "ती व्यायाम शिकवणारी पोरगी येते ना, तिनं पहिल्या दिवशी विचारलं, आजी, तुमचं ध्येय काय? सगळे म्हणतात, देवळापर्यंत चालायचं, बागेपर्यंत चालायचं. मी म्हटलं, विमानाचा जिना."

बाईंनी वाकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"आत्ता आठ पायऱ्या चढते. कठडा धरून. दादाला सांगू नकोस, तो घाबरेल. तुझ्याकडे किती आहेत?"

बाईंनी जिन्यावर खालपासून वरपर्यंत नजर टाकली. "जास्त आहेत. पण घर बदलता येईल. ताई, इथे थंडी फार आहे. बाहेर आपली भाषा बोलणारं कुणी नाही. मी दिवसभर कामावर असते. व्हिसाचं काय होतं तेही बघावं लागेल. तुला करमणार नाही."

"हे तू मला सांगतेयस की स्वतःला? इथे तरी दिवसभर कोण बोलतं माझ्याशी? टीव्ही. तुझी ती शंका येईल ना घरी? आणि तो लांबुडका?"

"त्यांना आपली भाषा येत नाही."

"काहीच येत नाही?"

"'अरे देवा' येतं."

"मग झालं. माझं अर्धं बोलणं तेवढ्यातच असतं."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले. मनगटावरचा चुन्याचा पांढरा पट्टा गालाला लागला.

"आधी सहा महिने येते," ताई म्हणाली. "जमलं तर राहते. नाही जमलं तर त्या बागेत जाऊन बसते, भांडणार नाही. पण बघितल्याशिवाय नाही म्हणणार नाही. तूही नको म्हणू."

"नाही म्हणत."

"दादाला मी सांगते. त्याला सुटल्यासारखं वाटेल, आणि त्याची लाज वाटून तो तासभर ओरडेल. ते मी बघते. तू तुझ्या त्या साहेबांना सांग. आणि नुसतं 'सांगते' नको. सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई प्रयोगशाळेत लवकर आल्या. घुमटाच्या माथ्याचा एक सुटा तुकडा ताडमाडनं न पाडता आणला होता. तो टेबलावर होता, पाण्यानं ओला करून ठेवलेला. त्याच्याखाली शंकानं पट्ट्यांची दिशा दाखवणारा बाण काढून कागद ठेवला होता. काटकोनात वळलेला बाण.

बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज आला. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. विभागप्रमुख शिरस्त्राणाचा पट्टा सोडत येत होते. बाईंना पाहून ते नेहमीचं हसले आणि बाईंनी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच हात हलवला.

"ठाऊक आहे, ठाऊक आहे. सांगाल." आणि ते पुढे निघाले.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या.

ते वळले.

"मी राहते आहे, तिन्ही वर्षं. फक्त मला तळमजल्यावरचं घर लागेल. माझी ताई माझ्याकडे राहायला येते आहे."